माल्टा जिंकेपर्यंत

माल्टातल्या हाल सिद्रा गावात युरोव्हिजनवरून वाद पेटला की लोक फोनमध्ये बघत बसत नाहीत. चर्चच्या मागच्या गल्लीत एका खिडकीत शिवणाचं मशीन खडखडत असतं, तिथे जातात. आत नुन्झा असते. वय एकाहत्तर, चष्म्याला दोरी, ओठांत दोन टाचण्या. गाण्यांच्या त्या स्पर्धेत माल्टा कुठल्या साली कितवा आला, ऐनवेळी कुणी दगा दिला, कुणी भरभरून गुण दिले आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, हे ती टाचण्या न काढता सांगते. हरलेला माणूस पैजेची कॉफी पाजायला निघून जातो आणि नुन्झा पुन्हा कुणाच्या तरी पडद्याची किनार मशीनखाली सरकवते.

गाव तिला 'गुणांची नुन्झा' म्हणतं. गावात टोपणनाव नसलेलं घर नाही, त्यामुळे तिला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त कंटाळा येतो. सगळ्यांचा समज असा की बाईला गाण्याचं भारी वेड. खरं म्हणजे नुन्झाला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. इतक्या वर्षांत इतकी गाणी कानांवरून गेली, पण एकाचीही चाल तिला गुणगुणता येणार नाही. शिवताना ती रेडिओसुद्धा बंद ठेवते. तिला हवं होतं ते एवढंच: माल्टाने एकदा, फक्त एकदा, ती स्पर्धा जिंकावी. कारण ज्या दिवशी माल्टा जिंकेल त्या दिवशी तिचा नवरा शोभेचं दारूकाम सोडणार होता.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. नुन्झाचा भाऊ लोनझू गेला नसता तर काहीच नव्हता.

विस्तिन, म्हणजे नुन्झाचा नवरा, पोटासाठी गोदीत वेल्डिंग करायचा आणि जिवासाठी दारूकाम. गावाबाहेर शेतात बँड क्लबच्या, म्हणजे उत्सव करणाऱ्या मंडळाच्या, मालकीच्या दगडी खोल्या आहेत, त्यांना सगळे दारूखाना म्हणतात. ऑगस्टमध्ये गावच्या संताचा, सान रोक्कूचा उत्सव. त्यासाठी वर्षभर गावातली शहाणीसुरती माणसं गोदीतून, शाळेतून, बँकेतून सुटली की तिथे जाऊन एक पैसा न घेता फटाक्यांची दारू मिसळतात, कागदाच्या नळकांड्यांत ठासतात, सुतळीने बांधतात. विस्तिनचा हात त्यात सगळ्यांत चांगला. त्याने बांधलेला बार आकाशात गेला की वरच्या, म्हणजे विरोधी क्लबची माणसंसुद्धा, जी आपल्या क्लबच्या बँडमध्ये सूर लागला तरी कान झाकतात, ती मान वर करून गप्प उभी राहायची.

नुन्झाच्या धाकट्या भावाला, लोनझूला, विस्तिननेच सतराव्या वर्षी तिथे नेलं. नव्वद सालच्या नोव्हेंबरमध्ये एका सकाळी नुन्झा मशीनवर बसलेली असताना आवाज झाला. आकाशातल्या बाराचा आवाज फुटून पसरतो. जमिनीवरचा पोटात येऊन बसतो. आमच्याकडे लहान पोरालाही हा फरक कळतो. गल्लीतल्या सगळ्या बायका एकाच वेळी दारात आल्या. लोनझू एकतीस वर्षांचा होता. विस्तिन सुतळीचं बंडल आणायला शेजारच्या खोलीत गेला होता, म्हणून वाचला.

सहा महिने दारूखाना बंद होता. मग भिंत पुन्हा बांधली, तिच्यावर लोनझूच्या नावाचा संगमरवर बसवला, आणि विस्तिन परत जायला लागला. नुन्झाने त्याला एकदाच सांगितलं, हे सोड. तो म्हणाला, बघू, एवढा उत्सव होऊ दे.

त्याच मे महिन्यात माल्टा सोळा वर्षांनी पुन्हा युरोव्हिजनला उतरला होता. त्याआधीचा इतिहास सांगण्यासारखा नव्हता. एकाहत्तर साली आपल्या भाषेत गाऊन शेवटचा नंबर. गावात तेव्हा क्लबमधला एकच टीव्ही होता आणि नुन्झा सांगते की निकालानंतर त्याच्यावर कुणीतरी टेबलक्लॉथ टाकला. बाहत्तर साली पुन्हा आपल्याच भाषेत, पुन्हा शेवटचा. पंचाहत्तरला इंग्रजीत गाऊन बारावा. त्यानंतर देश जो रुसून बसला तो सोळा वर्षं. आणि एक्याण्णवला परत येतो तो काय, थेट सहावा.

लोकांना वेड लागायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी रविवारची प्रार्थना, मिसा, संपल्यावर म्हातारे पाद्री दुन अंज अजून वेदीपाशीच उभे असताना विस्तिन सान रोक्कूच्या मूर्तीसमोर गेला. मूर्तीच्या पायाशी पाव तोंडात धरलेला कुत्रा आहे. विस्तिनने एक हात त्या कुत्र्याच्या डोक्यावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा नवस बोलला. मी तुझं दारूकाम करत राहीन, आणि ज्या वर्षी माल्टा जिंकेल त्या वर्षी विजयाचा बार उडवून त्याच दिवशी दारूखान्याची किल्ली क्लबात ठेवीन. दुन अंजनी मान डोलावली. बायकांनी नुन्झाकडे पाहिलं. नुन्झाने हिशेब केला: परत आल्या आल्या सहावा, म्हणजे फार तर एक वर्ष, दोन वर्षं. लोनझूचा वर्षश्राद्धाचा मिसासुद्धा अजून व्हायचा होता, तिच्यात भांडायचं बळ नव्हतं. तिने तो सौदा मान्य केला.

पुढच्या वर्षी माल्टा तिसरा आला. नुन्झाने विस्तिनचा कामाचा शर्ट त्या वर्षी नवा शिवलाच नाही. म्हटलं, कशाला, पुढच्या वर्षी लागायचा नाही.

त्या शर्टाचं सांगायला हवं. दारूखान्यात टेरिकॉट, नायलॉन असलं काही चालत नाही. अंगाला घासून ठिणगी पडते. धातूचं बटण नको, चेन नको, बुटाला खिळा नको. निव्वळ सुती कापड आणि बंद. विस्तिनचे असे शर्ट, असे पायजमे लग्नापासून नुन्झाच शिवत आली. ज्या कामातून माणसाला बाहेर काढायचं त्याच कामाचा पोशाख ती दर हिवाळ्यात स्वतःच्या हाताने शिवायची, आणि शिवण दोनदा तपासायची, न जाणो आत एखादी टाचणी राहिली तर. त्र्याण्णवच्या जानेवारीत तिने मुकाट्याने पुन्हा कापड आणलं.

मग ती अभ्यासाला लागली. गाणं जिंकतं कसं, हे तिला कळून घ्यायचं होतं. तिला कळलं ते असं की शेजारी शेजाऱ्याला देतो, थंडीवाले थंडीवाल्यांना देतात, भांडून वेगळे झालेले भाऊसुद्धा त्या दिवशी एकमेकांना देतात. आपल्याला शेजारी म्हणून समुद्र मिळालेला. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, त्यामुळे हाल सिद्राने फोनवर अंगठे झिजवूनही उपयोग नव्हता. ती दर मेमध्ये सान रोक्कूला मेणबत्त्या लावायची. काही बायका म्हणायच्या, बघा, गाण्यापायी संतालासुद्धा सोडत नाही.

अठ्ठ्याण्णव साली मेणबत्त्या फळाला आल्यासारख्या वाटल्या. गुण मोजता मोजता शेवटचा देश उरला तेव्हा माल्टा अजून शर्यतीत होता, अगदी वरच. विस्तिन किल्ली घेऊन शेताकडे धावला. दर एप्रिलमध्ये तो एक वेगळा मोठा बार बांधायचा, झेंड्याच्या तांबड्या-पांढऱ्या कागदात, आणि तो फळीवर एकटा ठेवायचा. तोच त्याला काढायचा होता. तिकडे वरच्या क्लबवाल्यांना धीर धरवला नाही; शेवटचा देश तोंड उघडायच्या आत त्यांनी तीन बार उडवून दिले. आणि त्या शेवटच्या देशाने आपल्याला एक गुणसुद्धा दिला नाही. सात गुणांनी गेलं. माल्टा तिसरा. ते तीन बार वरच्या क्लबला अजून ऐकावे लागतात. कुणी त्यांच्यातला फुशारकी मारायला लागला की आपल्यातला कुणीतरी फक्त तीन बोटं वर करतो.

नुन्झाला मात्र त्या वेळी हसू आलं नव्हतं. ती विस्तिनची वाट बघत खुर्चीत बसून राहिली होती. तो आला, बूट काढले, आणि आत गेला. तिला वाटलं, किल्ली ठेवायची टळली म्हणून बरं वाटलं असेल याला.

असंच वाटत तिने पुढची वर्षं काढली. दोन हजार दोनला दुसरा नंबर. पुढच्याच वर्षी तळाशी. दोन हजार पाचला पुन्हा दुसरा, आणि सहाला एकूण गुण एक. एक. तेव्हा मात्र नुन्झा खरोखर हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि शेजारच्या बेर्ताला वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मग उपांत्य फेऱ्या सुरू झाल्या, त्यात कधी आत, कधी बाहेर. आणि दर ऑगस्टमध्ये, सान रोक्कूच्या उत्सवात, तो तांबडा-पांढरा बार इतर बारांमध्ये घालून उडवला जायचा, कारण दारू वर्षभर ठेवता येत नाही. गावाला तो ओळखू यायचा नाही. नुन्झाला यायचा. ती गच्चीवर उभी असायची आणि त्याचा जाड आवाज ऐकला की मनात म्हणायची, हा मेमधला.

मध्ये ऑस्ट्रेलिया त्या स्पर्धेत आला. का आला ते कुणालाच नीट कळलं नाही, पण नुन्झाला देवदूत उतरल्यासारखं झालं, कारण मेलबर्नला तिची थोरली बहीण दुमिन्का होती, दुमिन्काचे चार मुलगे होते, आणि अर्धं हाल सिद्रा तिथेच जाऊन राहिलेलं. नुन्झाने बहिणीला फोनवर कामाला लावलं. तिकडे पहाटे पाच वाजता उठून मतं द्यायची. दुमिन्काने पहिल्या वर्षी निष्ठेने दिली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, अगं, तो दाढीवाला पोरगा इतका छान गायला, मी चार मतं त्याला दिली. नुन्झाने तिच्याशी तीन महिने बोलणं टाकलं. दुमिन्काला अजून कळलेलं नाही की एवढं काय झालं.

एकवीस साली तर सट्टेवाल्यांनीच माल्टाला पहिलं ठरवून टाकलं होतं. स्पर्धेच्या आठवडाभर आधी नुन्झाने विस्तिनसाठी एक शर्ट शिवला. पांढरा, चमकदार, अर्धा नायलॉनचा, आणि त्याला पितळी बटणं. असला शर्ट त्याने उभ्या जन्मात घातला नव्हता. किल्ली ठेवायला जाताना तो घालेल, असं तिने मनाशी ठरवलं. माल्टा सातवा आला. शर्ट घडी घालून कपाटात वरच्या फळीवर गेला. त्यापुढची दोन वर्षं तर देश उपांत्य फेरीतच गारद.

नुन्झाला आता राग येत नव्हता. राग यायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं. मे जवळ आला की पाय जड व्हायचे, एवढंच.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, एका दुपारी, तिने सवयीप्रमाणे सुई आणि दोरा विस्तिनपुढे धरला. तिची नजर अधू झाल्यापासून बारीक सुईत दोरा तोच ओवून द्यायचा. बारात वात बसवणाऱ्या हाताला सुई म्हणजे काय. त्याने दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि सुईकडे नेलं. ते सुईच्या डावीकडून गेलं. पुन्हा नेलं, उजवीकडून गेलं. नुन्झाने पाहिलं, त्याचा हात थरथरत होता. थोडासाच. कपात चहा असता तर सांडला नसता इतकाच.

तिने सुई परत घेतली आणि म्हणाली, राहू दे, उजेड कमी आहे. बाहेर लख्ख ऊन होतं.

त्या रात्री ती जागी राहिली आणि दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांकडे गेली. दुन अंज वारून नऊ वर्षं झाली होती. आता दुन क्लेटन आहेत, पस्तिशीचे. पाद्र्याचं नाव क्लेटन असू शकतं हे मान्य करायला गावाने दोन वर्षं घेतली. नुन्झा कधीच त्यांच्याकडे काही मागायला गेली नव्हती. आज ती सान रोक्कूसाठी खास नऊ दिवसांची प्रार्थना मागायला गेली होती: यंदा माल्टा जिंकलाच पाहिजे.

दुन क्लेटन हसले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरून तिला बसायला खुर्ची दिली. का, म्हणून विचारलं. तेहतीस वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. तिने सांगितलं. लोनझू, नवस, शर्ट, सुई, सगळं.

"म्हणजे माल्टा जिंकेपर्यंत त्यांनी दारू ठासत राहायची?" दुन क्लेटननी विचारलं.

"हो."

"मावशी, हा नवस आहे की जन्मठेप?"

दुन क्लेटननी टेबलावरचे कागद उगीच सारखे केले.

"हे बघा, नवस सोडवता येतो. कारण योग्य असलं तर मी मोकळं करू शकतो, नाहीतर त्याच्या जागी दुसरं काहीतरी करायला सांगू शकतो. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त जो बोलला त्याने स्वतः यायला हवं."

"हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हा अधिकार. नवीन निघालाय?"

"नाही हो. पहिल्यापासूनच आहे. प्रत्येक गावच्या मुख्य पाद्रींना असतो."

नुन्झाला दुन अंज आठवले. उत्सवात क्लबच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे, एकेका बाराला काठीने ठेका धरायचे, आणि विस्तिनचा बार फुटला की आजूबाजूला बघून म्हणायचे, हा आपल्या विस्तिनचा. त्यांना माहीत नसेल असं नाही. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिने वीस वर्षं त्यांचे झगे फुकट दुरुस्त करून दिले होते. तेवढं एक तिच्या मनात येऊन गेलं.

घरी येऊन तिने विस्तिनला लगेच सांगितलं असेल, असं कुणालाही वाटेल. तिने तीन दिवस सांगितलं नाही. नवस होता तोवर दोष नवसाचा होता, सान रोक्कूचा होता, त्या शेवटच्या देशाचा होता. आता तो उठला तर उरणार काय? विस्तिनला विचारायचं, आणि तो म्हणणार, मला नाही सोडायचं. मग तेहतीस वर्षं तो नवसासाठी नाही तर आवडीसाठी तिथे जात होता हे उघड होणार. लोनझू गेल्यानंतरसुद्धा. ते ऐकण्यापेक्षा माल्टा हरलेला परवडला.

चौथ्या दिवशी त्याने दुपारी आपला बंदांचा शर्ट कपाटातून काढला आणि चढवायला घेतला, दारूखान्यात जायला. एक बंद त्याला बांधता येईना. नुन्झाने गॅस बंद केला.

"विस्तिन, दुन क्लेटन म्हणतात नवस सोडवता येतो."

"कुठला नवस?"

"तुझे किती आहेत?"

तो खुर्चीवर बसला. बंद तसाच लोंबत होता.

"किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला, "दोन मिनिटं." आणि त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे, थरथर दिसेल असे. नुन्झा उभीच होती.

विस्तिन हळूहळू बोलायला लागला. दोन हजार दोनला आपण दुसरे आलो त्या दिवशी तो शेतात गेला होता, तो बार उडवायला नाही. बार हातात घेऊन तो लोनझूच्या संगमरवरासमोर बसला आणि रडला, कारण शेवटची मतं येईपर्यंत त्याला वाटलं होतं की सुटलो. आत पाऊल टाकलं की त्याला अजून त्या सकाळचा वास येतो. अठ्ठ्याण्णवलाही त्याला सुटायचं होतं, म्हणून तर धावला होता. नवस बोलला तेव्हा त्यालाही वाटलं होतं की एक वर्ष, दोन वर्षं. क्लबला तोंड दाखवता येईल आणि बायकोचं मनही राहील. दर मेमध्ये तिच्या शेजारी बसून तो तेच मागत होता जे ती मागत होती.

नुन्झा बसली.

"मग बोलला का नाहीस?"

"तू कुठे विचारलंस?"

"विचारलं होतं मी."

"ते एक्याण्णवमध्ये."

"आणि तू काय म्हणालास? उत्सव होऊ दे म्हणालास."

"झाला ना उत्सव," विस्तिन म्हणाला. "तेहतीस झाले." त्याने लोंबता बंद मुठीत धरला. "नवस मोडायचा कसा, नुन्झा? कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून बोललो होतो. मी मोडला असता आणि आत कुठल्या पोराचं काही झालं असतं, तर लोनझूसारखंच, मीच नेलं असतं ना त्याला?"

एकाच घरात, एकाच सोफ्यावर, दोघांनी तेहतीस वर्षं एकच गोष्ट मागितली आणि दोघांनी ती एकमेकांपासून लपवली, आणि मधल्या मधे बिचाऱ्या गाणाऱ्या पोरी शिव्या खात राहिल्या. तिने पुढे होऊन त्याचा बंद सोडला. तो शर्ट तिने त्याच्या अंगातून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"आज जाऊ नकोस," ती म्हणाली. तो गेला नाही. बनियनवरच बसून त्याने बाकल्याच्या दाण्यांचं सूप प्यायलं आणि दोनदा वाढून घेतलं.

शनिवारी दोघं चर्चमध्ये गेली. दुन क्लेटननी खरोखरच दोन मिनिटं घेतली, त्यातलं अर्धं मिनिट खोकण्यात गेलं. नवसाच्या बदल्यात विस्तिनने वर्षभर दर शुक्रवारी सान रोक्कूची मूर्ती पुसायची, कुत्र्यासकट. विस्तिनने विचारलं, एवढंच? दुन क्लेटन म्हणाले, आणखी हवं असेल तर खांब पण पुसा.

क्लबात किल्ली ठेवायला जाताना नुन्झाने कपाटातला पितळी बटणांचा शर्ट काढला. तीन वर्षांत विस्तिनचं पोट पुढे आलं होतं. मधली दोन बटणं लागेनात. तिने ती तशीच उघडी ठेवली आणि वरून कोट घालायला लावला. क्लबात सगळे आधी शर्टाकडे बघत राहिले. किल्ली टेबलावर पडली तेव्हा सेक्रेटरीला वाटलं याला काही गंभीर आजार निघाला. वरच्या क्लबने तर दुपारपर्यंत तो किती दिवसांचा सोबती तेही ठरवून टाकलं. विस्तिनने कुणाला खुलासा केला नाही. हात पुढे करून दाखवला, बस. दारूकाम करणाऱ्याला तेवढं पुरतं. तरुण पोरांतल्या एकाने त्याच्यासाठी ग्लासात चहा आणला.

मग मे आला. माल्टा गुरुवारी उपांत्य फेरीतच बाद झाला, आणि तोही तळाला. बेर्ता सांत्वनाला आली तर नुन्झा हेम घालत बसलेली. शुक्रवारी मेलबर्नहून दुमिन्काचा फोन आला, गजर किती वाजताचा लावू म्हणून.

"आपण नाही गं अंतिम फेरीत."

"मग मतं कुणाला देऊ?"

"ज्याचं गाणं आवडेल त्याला दे."

दुमिन्काने काळजीने विचारलं, "नुन्झा, तुला बरं नाही का?"

शनिवारी त्यांनी टीव्ही लावला, कारण मेमधल्या त्या शनिवारी हाल सिद्रामध्ये टीव्ही न लावणं म्हणजे घरात मयत आहे असा अर्थ होतो. पाचव्या की सहाव्या गाण्याला विस्तिन घोरायला लागला. नुन्झाने त्याला कोपराने ढोसायला हात उचलला, तो तसाच मांडीवर ठेवला.

रविवारी मिसा झाल्यावर दोघं तुसेच्या दुकानात पास्तिझ्झी, म्हणजे पापुद्र्याचे पॅटिस, घ्यायला थांबली. आत नेहमीप्रमाणे वाद चालला होता, दुसऱ्या नंबरला लोकांची मतं जास्त होती की परीक्षकांची. नुन्झाला बघून सगळ्यांनी वाट करून दिली. तुसेने चिमट्यात पास्तिझ्झी धरून ठेवत विचारलं, सांग बाई, मिटव एकदाचं.

"मला नाही माहीत," नुन्झा म्हणाली. "झोपले होते."

"झोपले होते म्हणजे?"

"म्हणजे डोळे मिटले आणि झोपले. चार दे, दोन चीजच्या, दोन मटारच्या."

तुसेने विस्तिनकडे पाहिलं. विस्तिन म्हणाला, माझ्याकडे बघू नकोस, मी तिच्या आधी झोपलो.

बाहेर येऊन दोघं चौक ओलांडत होती तेव्हा शेजारच्या गावाकडून एक बार फुटला. त्यांच्याकडचे उत्सव मेमध्येच सुरू होतात. नुन्झाचे पाय जागच्या जागी थांबले आणि मान आपोआप शेताच्या दिशेला वळली, जशी तेहतीस वर्षं वळत आली होती. मग तिला तुपकट कागदाच्या पिशवीचा वास आला, अगदी जवळून.

"दारू ओली होती," विस्तिन शेजारी उभा राहून आकाशाकडे बघत म्हणाला. "आवाज बघ कसा बसका."

नुन्झाने त्याच्या हातातली पिशवी घेतली, कारण तेल शर्टावर गळत होतं, आणि दोघं घराकडे निघाली.